चुना उतरवलेली भिंत

करमळी स्टेशनावर उतरले तेव्हा पाऊस नुकताच उघडला होता. फलाटाच्या छपरावरून पागोळ्या अजून गळत होत्या आणि करमळीचं तळं काठोकाठ भरलं होतं. जुनं गोवं इथून अगदी जवळ. रिक्षा शोधण्याआधी मी दादाने पाठवलेला फोटो पुन्हा एकदा उघडून पाहिला. राजापूर तालुक्यातल्या आमच्या घराची पावसाच्या अंगाची भिंत. तिच्यावरचा चुना दोन हात लांब, दोन हात रुंद असा खरवडून काढलेला, आणि आत लालभडक जांभा. घराची डागडुजी करायचं ठरल्यावर एका आर्किटेक्टने मे महिन्यात नमुना म्हणून तेवढा तुकडा उघडा केला होता. सगळाच चुना असा काढून टाकू, दगड मोकळा ठेवू, दोन पावसाळ्यांत त्याच्यावर शेवाळ धरेल आणि घर तीनशे वर्षांचं दिसायला लागेल, असं त्याचं म्हणणं. दादाला ते फार आवडलं होतं. मलाही आवडलं होतं.

कारण शेवाळ मला लहानपणापासून आवडतं. आमच्या पाखाडीच्या दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे आहेत. उन्हाळ्यात त्यांच्यावर काळपट खपली असते, हात लावला तर चुरा होणारी. मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला की रात्रीत ती खपली हिरवी व्हायची. आजी परसातून हाक मारायची, ‘‘या गो, गडगा जागा झाला.’’ खरोखरच तो जागा होतो, हे पुढे कॉलेजात कळलं. वनस्पतिशास्त्राच्या मराठी पुस्तकांत या मखमली शेवाळाला हरिता म्हणतात. त्याला खरी मुळं नसतात, खोडात पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या नसतात. धरून राहण्यापुरते बारीक धागे, बाकी पाणी सगळं अंगानेच पितं. पाणी संपलं की वाळून जातं, पण मरत नाही. आठ महिने वाळून बसायचं आणि पहिल्या सरीला उठायचं. आपण मसाल्यात घालतो ते दगडफूल म्हणजे वेगळी जात, बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. पण तेही असंच दगडाला धरून, वाट पाहत जगणारं.

तर हे सगळं मनात घेऊन मी जुनं गोवं पाहायला आले होते, मुद्दाम ऑगस्टात. डिसेंबरात इथे संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताची गर्दी असते, तेव्हाचं गोवं पोस्टकार्डावरचं. पावसाळ्यात मात्र जे जे दगडाचं आहे ते ते हिरवं होतं. कंपाउंडच्या भिंती, पायऱ्यांचे कोपरे, बुंध्यांची पावसाची बाजू. रिक्षावाल्याने चौकात सोडलं आणि समोर बॉम जीझस बॅसिलिका उभी राहिली, भिजून जवळजवळ काळी पडलेली.

आतापर्यंत तीनदा मी ही इमारत पाहिली होती, पण आत शिरण्याच्या घाईत. आत चांदीच्या पेटीत झेवियरचा देह आहे, खाली तस्कनीच्या ग्रँड ड्यूकने पाठवलेला संगमरवराचा चौथरा आहे, आणि माणसं तिथेच जातात. या वेळी मी बाहेरच थांबले. 1594 मध्ये पाया घातलेली, 1605 मध्ये अभिषेक झालेली ही इमारत जवळजवळ सगळी जांभ्याची. दर्शनी भागातले खांब, कमानी, वरची नक्षी तेवढी काळ्या दगडाची, आणि तो दगड वसईहून समुद्रमार्गे आणलेला. पावसात हे दोन दगड किती वेगळे वागतात ते पाहण्यासारखं आहे. वसईचा दगड धुऊन निघालेला, कोरीव कामाच्या कडा अजून बोटाला जाणवतील अशा. त्याच्या मागचा जांभा मात्र भोकाभोकांचा, प्रत्येक भोकात ओल धरलेला, आणि जिथे जिथे ओल तिथे तिथे हिरवं. खालच्या ओळींत मखमल, वर खाचांमध्ये नेचे, पार वर गवताची पाती.

फार सुंदर दिसत होतं. मी बाजूच्या भिंतीजवळ गेले आणि शेवाळावरून हात फिरवला. गार, भिजलेलं, मांजराच्या पाठीसारखं. मग हात काढला आणि पाहिलं, तर बोटांना लाल रवा लागला होता.

चपातीची कणीक मळताना हाताला पीठ लागावं तसा. मी दुसरीकडे हात लावला, तिथेही तेच.

जांभा म्हणजे काय हे कोकणातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. चिरेखाणीतून निघतो तेव्हा तो मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो. वारा-ऊन लागलं की टणक होतो. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टराने मलबारात हा दगड विटेसारखा कापताना पाहिला आणि 1807 मध्ये लॅटिनमधल्या ‘वीट’ या शब्दावरून त्याला लॅटेराइट असं नाव दिलं. आपण त्याला फळाच्या रंगावरून ओळखतो. लोखंड आणि ॲल्युमिनियमची ही गंजलेली जाळी आहे, दगडापेक्षा पोळ्याच्या जवळची. म्हणूनच आमच्याकडे गडगा, विहीर, जोतं हे उघडं ठेवतात, पण राहत्या घराच्या भिंतीला चुना देतात. वर्षाला 3000 मिलिमीटर पाऊस जिथे तिरका येतो, तिथे अशा दगडाला अंगरखा लागतो. माझे बाबा दसरा झाला की सोडणाचा कुंचा घेऊन भिंतीसमोर उभे राहायचे. दोन दिवस त्यांच्या भुवया पांढऱ्या असायच्या. मे महिन्यात पावसाच्या अंगाला झावळ्यांचे झाप बांधायचे, आणि पाऊस सरला की झाप सोडून चुना. हे दरवर्षी. बाबा गेल्यावर झाप राहिले, चुना राहिला, आणि भिंतीचा रंग करडा होत गेला.

बॉम जीझसलाही असा अंगरखा होता. साडेतीनशे वर्षं ही इमारत चुन्याच्या गिलाव्याने पांढरी होती. 1950च्या दशकात बाल्ताझार कास्त्रो नावाच्या पोर्तुगीज वास्तुरचनाकाराने तो गिलावा उतरवला. जुन्या इमारतींची अंगं उघडी करून त्यांना अधिक प्राचीन रूप द्यायचं, ही पोर्तुगालमधली त्या काळची रीतच होती. तिथे दगड ग्रॅनाइटचा, पाऊस आपल्या मानाने थोडा. इथे जांभा होता. आज आपण जे लाल, हिरवं, वयस्कर रूप पाहून हरखतो ते सत्तरेक वर्षांचं आहे. माझ्या आईपेक्षाही ते लहान. गेल्या काही वर्षांत चर्चच्या धर्मगुरूंनीच गिलावा पुन्हा चढवावा अशी जाहीर मागणी केली, तेव्हा पुष्कळ लोकांना ते विचित्र वाटलं, कारण लाल बॅसिलिका सगळ्यांच्या डोळ्यांत बसली आहे. माझ्याही बसली होती. पण बोटाला लागलेला रवा पुसावासा वाटेना. चारशे वर्षांची भिंत अशी कणाकणाने हातावर येते, याचं फार वाईट वाटलं.

रस्त्याच्या पलीकडे सी कॅथेड्रल आहे, 1510 साली अल्बुकर्कने सेंट कॅथरिनच्या दिवशी गोवं घेतलं म्हणून तिच्या नावाचं. 1776 मध्ये त्याचा एक मनोरा कोसळला आणि पुन्हा कधी बांधला नाही, त्यामुळे एका खांद्याने उभं असल्यासारखं दिसतं. तेही जांभ्याचंच, पण त्याचा चुना जागेवर आहे. पावसाचे काळे ओघळ त्यावर दिसतात, शेवाळही कुठे कुठे आहे, पण ते वरवरचं. दारापाशी मेणबत्त्या विकणारी बाई प्लॅस्टिकच्या कागदाखाली बसली होती. मी पायरीवरून घसरले तशी म्हणाली, ‘‘सांबाळून वच गो, निसरतलें.’’ मग स्वतःच उठून नारळाच्या काथ्याने ती पायरी खसाखसा घासू लागली. रोज सकाळी घासते म्हणाली. कोणी सांगितलं म्हणून नव्हे, म्हाताऱ्या बायका पडतात म्हणून.

तिच्याकडून एक मेणबत्ती घेतली आणि पवित्र टेकडीची वाट धरली.

सेंट ऑगस्टिनचा मनोरा दुरून दिसतो तेव्हा तो इमारतीचा भाग वाटतच नाही. 46 मीटर उंच जांभ्याचा एक सुळका, अर्धा कापल्यासारखा. त्याच्या पायाशी एका प्रचंड चर्चची जमीन उघडी पडलेली आहे: चौथरे, वेद्यांच्या जागा, कमानींचे ठोकळे, आणि जमिनीत बसवलेल्या काळ्या समाधिशिला. त्यांच्यावरची अक्षरं, कवट्या, कुळांची चिन्हं पाण्याने भरून आली होती. एका ठिकाणी भिंतीवर निळ्या-पिवळ्या पोर्तुगीज फरशांचा पट्टा अजून चिकटून आहे, आणि फरशीच्या वरच्या कडेला शेवाळाची हिरवी किनार. लुगड्याला काठ असावा तशी.

हे चर्च सतराव्या शतकाच्या सुरुवातीला पुरं झालं. 1835 मध्ये पोर्तुगीज सरकारने धर्मसंघ बंद केले, साधू निघून गेले. सात वर्षांत, 1842 मध्ये, मुख्य छत कोसळलं. छताखाली माणसं नसतील तर पाऊस इतकाच वेळ घेतो. 1931 मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. त्याआधी शहरही सरकलं होतं. साथीच्या तापांनी जुनं गोवं रिकामं होत गेलं, 1843 मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली, आणि इथले चिरे तिकडच्या बांधकामांना गेले. मनोऱ्यातली घंटा मात्र पडली नाही. ती आधी आग्वादच्या दीपगृहात गेली आणि 1871 मध्ये पणजीच्या पायऱ्यांच्या चर्चमध्ये. पणजीत राहणाऱ्या माझ्या आतेबहिणीला तिच्या आवाजाने रविवारी जाग येते. इथे टेकडीवर उभं राहून वर पाहिलं की घंटेच्या जागी आकाशाचा एक तुकडा दिसतो, आणि त्याच्या कडेला पिंपळ.

पिंपळाबद्दल सांगायला हवं. शेवाळ दगड फोडत नाही, असं मला नेहमी वाटत आलं, आणि ते बरंचसं खरंही आहे. त्याच्यात तेवढी ताकद नाही. ते फक्त ओल धरून ठेवतं, वाऱ्याने आलेली माती अडवतं, स्वतः मरून त्या मातीत मिसळतं. बोटभर जाडीची गादी तयार होते. मग नेचा येतो. मग कधीतरी एखादा पक्षी पिंपळाचं फळ खाऊन तिथे बसतो. पिंपळाच्या मुळाला जांभ्याच्या भोकांतून वाट सापडते, आणि एकदा ते आत जाडावलं की चिरा हलतो. आपल्याकडे पिंपळ कोणी उपटत नाही. आमच्या गावच्या पडक्या देवळात मी पाहिलंय, गाभारा दुभंगला तरी पुजाऱ्याने त्या झाडाला दोरा गुंडाळला. मनोऱ्याची राखण करणारा माणूस मात्र वेगळा निघाला. दर पावसाळ्यात खालच्या भिंतींवरची कोवळी रोपं तो हाताने काढतो, असं त्याने सांगितलं. ‘‘दोन पानांची असताना काढायची. चार पानांची झाली की मूळ मागे राहतं.’’ हे सांगताना त्याने बोटांच्या चिमटीने ओढून दाखवलं, किती हळू, किती सरळ. पुरातत्त्व खात्याच्या निळ्या पाटीवरल्या सगळ्या मजकुरापेक्षा मला ती चिमूट जास्त मोलाची वाटली.

याच ढिगाऱ्यात जॉर्जियाची एक राणी सापडली. केतेवान तिचं नाव. इराणच्या शाह अब्बासने धर्म सोड म्हणून तिचा छळ केला आणि 1624 मध्ये शिराझला तिला मारलं. ऑगस्टिनियन साधूंनी तिच्या अस्थी गोळा करून गोव्याला आणल्या आणि या मठाच्या एका खिडकीत दगडी पेटीत ठेवल्या. मठ पडला, खिडकी पडली. पोर्तुगीज कागदपत्रांतल्या वर्णनावरून पुरातत्त्वज्ञांनी ती जागा शोधली, हाताचं हाड मिळालं, आणि हैदराबादच्या सीसीएमबीमध्ये त्याची डीएनए तपासणी होऊन ते तिचंच असण्याला बळकटी मिळाली. 2021 मध्ये त्या अवशेषांचा एक भाग भारताने जॉर्जियाला दिला. त्या जागी मी बराच वेळ उभी राहिले. खिडकी कुठली हे आता जोत्यावरूनच ओळखायचं. उंबऱ्यासारख्या एका चिऱ्यावर शेवाळ इतकं दाट होतं की वर थेंब मोत्यांसारखे सुटे उभे होते. आणलेली मेणबत्ती तिथे लावायची परवानगी नव्हती, म्हणून पिशवीतच राहिली.

दुपारी पावसाने पुन्हा झोड धरली. व्हाइसरॉयच्या कमानीखालून उतरून मी दिवाडीच्या फेरीत चढले. ही कमानही सोळाव्या शतकाच्या अखेरची, पण विसाव्या शतकात कोसळली आणि 1954 मध्ये पुन्हा उभारली. फेरीत स्कूटरी, भाजीच्या टोपल्या, शाळेतून परतणारी मुलं. माझ्या शेजारी पंचाहत्तरी गाठलेले एक गृहस्थ उभे होते, दिवाडीचेच. माझ्या हातावरचे लाल डाग पाहून त्यांनी विचारलं, कुठे पडलीस का. मी भिंतीचं सांगितलं. ते गवंडी होते. बापाकडून शिकलेले.

मांडवी ओलांडायला थोडीच मिनिटं लागतात. फेरी लागल्यावरही आम्ही धक्क्यावरच्या छपराखाली बोलत राहिलो. त्यांच्या लहानपणी चुना शिंपल्यांचा असायचा, नदीकाठच्या भट्टीत भाजलेला. चुनकळी पाण्यात टाकली की उकळायची, पोरांना जवळ येऊ देत नसत. ‘‘चवथीला विरवायचा, दसऱ्यानंतर लावायचा. घाई केली की फुगतो आणि फुटतो.’’ पोर्तुगीज काळात पाऊस संपला की प्रत्येकाला घर रंगवावंच लागायचं, नाहीतर दंड, असं त्यांनी सांगितलं. माझ्या मनात होता तो प्रश्न मी विचारला: सिमेंट का नको? ते म्हणाले, सिमेंट भिंतीचं तोंड दाबतं. आतली ओल आतच राहते आणि भिंत आतून कुजते. चुन्यातून भिंत श्वास घेते. वरचा पापुद्रा पावसात झिजतो, तो पुन्हा लावायचा. झिजायचं ते चुन्याने, दगडाने नाही. ताज्या चुन्यावर शेवाळ धरत नाही, तो त्याला जाळतो. दोन-तीन वर्षं हात थांबले की मग ते येतं.

हात थांबले की. परतताना हेच डोक्यात घोळत होतं. दिवाडीवरून पलीकडे नार्व्याला आणखी एक फेरी जाते. तिथलं सप्तकोटेश्वर मूळचं दिवाडीचं. इथलं देऊळ पाडल्यावर देव नदीपार गेला, आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करवला, तो लेख दारावर आजही आहे. आपल्याच काळात, 2023 मध्ये, त्याच देवळाचं नूतनीकरण पुरं झालं. मला जायचं होतं, पण गाडीची वेळ होत आली. ‘जीर्णोद्धार’ हा शब्द मात्र त्या दिवशी प्रथमच नीट ऐकू आला. आपल्या देवळांच्या शिलालेखांत कोणी बांधलं यापेक्षा कोणी जीर्णोद्धार केला हेच जास्त वेळा वाचायला मिळतं. जुनं म्हणजे पुन्हा पुन्हा हात लागलेलं. मी आयुष्यभर शेवाळाला जुनेपणाचा दागिना समजत आले. गडग्यावर, विहिरीवर ते तसं आहेही, आणि तिथे ते कायम राहावं. पण ज्या भिंतीआड माणसं झोपतात, तिच्यावर ते आलं तर कोणीतरी यायचं थांबलं आहे. आमच्या भिंतीवर कोण यायचं थांबलं, ते मला माहीत होतं.

संध्याकाळी करमळीच्या फलाटावर दादाचा फोन आला.

‘‘आजचा फोटो पाहिलास? हिरवं धरलंय त्या तुकड्यावर. अडीच महिन्यांत. कसलं देखणं दिसतंय.’’

‘‘पाहिला. दादा, एक कर. त्याच्यावर बोट दाबून बघ.’’

‘‘आत्ता? पाऊस आहे गं.’’

‘‘आत्ताच.’’

दार उघडल्याचा आवाज आला, मग पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा, मग बराच वेळ काही नाही.

‘‘रवा लागतोय,’’ तो म्हणाला.

रुळांवर दिवा दिसू लागला होता. मी त्याला विचारलं, राजापुरात चुनकळी मिळेल का. मिळेल, तो म्हणाला, पण पाऊस संपायला अजून दोन महिने आहेत. मी म्हटलं, आणून ठेव, चवथीला विरवायला घालायचा आहे, मी चार दिवस आधी येते. बाबा त्यात काय घालायचे ते आठवतं का? त्याला आठवत नव्हतं. त्याने आत हाक मारली.

मागून आईचा आवाज आला, ‘‘गूळ आणि बेलफळाचं पाणी. आणि ढवळायला बांबूच घ्या म्हणावं, लोखंड नको.’’